शिशाचा गेटपास

सन २०१६. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या साली आयुष्यात पहिल्यांदा मी प्लसच्या जागी मायनस जोडला.

यात काय एवढं मोठं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. न्हाव्याच्या हातून गिऱ्हाइकाचा कान कापला गेला तर ती चूक. पण न्हाव्यानं गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं आणि आरशाला साबण लावून आरशाचीच दाढी केली, तर त्याला काय म्हणाल? बॅटरीवाल्यानं प्लस-मायनस उलटं करणं हे तसलं आहे. गाडीच्या बॅटरीत प्लसचा खांब जाड असतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लाल खूण असते. आंधळा माणूसही विचारून विचारून बरोबर जोडेल. मी डोळे उघडे ठेवून, कोणाला न विचारता चुकलो.

मी देवमन. भिलाईच्या सुपेल्यात चाळीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त केल्या. लोक उस्ताद म्हणतात, आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. बाप भंडाऱ्याकडून भिलाईला आला तो स्टील प्लांटात लागला. दोन्ही मोठे भाऊ प्लांटात लागले. साळा एका खाजगी रोलिंग मिलमध्ये लागला. मी दुसरीतून शाळा सोडली आणि कुठंच लागलो नाही. म्हणजे तीन दिवस लागलो होतो, पण ते पुढे येईल. त्या तीन दिवसांत मी जे शिकलो त्याचा उपयोग मला म्हातारपणी दवाखान्यात झाला.

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी वार्षिक अंकासाठी लिहा म्हणून तीन वर्षं मागे लागले होते. हे जे तुम्ही वाचता, त्यातली अक्षरं माझी आणि वेलांट्या नातीच्या. तिनं माझं 'मले-तुले' सगळं 'मला-तुला' करून टाकलं. बोलण्यातल्या शब्दांना मात्र मी हात लावू दिला नाही. माणूस जसा बोलला तसा बोलला. आणि ज्या सालची ही गोष्ट आहे, त्या साली मला सही आणि आकडे सोडून काहीच लिहिता येत नव्हतं. वाचता यायचं, तेही बोट ठेवून.

आता धंदा समजून घ्या. बॅटरी म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि पातळ अ‍ॅसिड, बस. एका डब्यात सहा खोल्या. खोलीत प्लेटा उभ्या, एक प्लस, एक मायनस, परत प्लस, परत मायनस. मधे पातळ पडदा. एकीनं दुसरीला शिवायचं नाही, शिवल्या की खोली मेली. जो काय निरोप द्यायचा-घ्यायचा तो मधल्या पाण्यातून. ज्याला नवी बॅटरी घ्यायची नसते तो जुनी आमच्याकडे आणतो. आम्ही ती फोडतो, सडलेल्या प्लेटा उपसतो, त्यांची भुकटी झटकतो, शिसं कढईत वितळवतो, वरची राख पळीनं काढून साच्यात ओततो. नव्या प्लेटा जोडल्या, डबा बंद केला, चार्जिंगला लावला की गिऱ्हाइकाला वाटतं चमत्कार झाला.

वितळलेलं शिसं फार देखणं असतं. राख काढली की आरसा. त्यात वाकून आपलं तोंड पाहायची मला सवय होती. तोंड काही खास नव्हतं, पण पाहायचो. वाकून तोंड पाहताना आपण वरचा धूरही ओढतो, हे तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. असतं तरी मी ऐकलं नसतं. हे सगळं काम मी उघड्या हातानं करायचो. हातमोजे घातले की बॅटरीची नाडी लागत नाही, असं माझं मत होतं. माझी मतं पुष्कळ होती.

त्यातलं सगळ्यात मोठं मत गुळाचं. धुळीच्या कामात गूळ खातात हे सगळ्यांना माहीत आहे. पिठाच्या गिरणीवाला खातो, गोदामातला हमाल खातो. गळ्यातली धूळ गूळ खाली घेऊन जातो म्हणतात. मी तेच शिशाला लावलं. भट्टीच्या वरच्या फळीवर गुळाचा डबा ठेवला आणि दर दोन तासांनी एक खडा तोंडात टाकायला लागलो. ज्या हातानं भुकटी झटकायची त्याच हातानं गूळ. डब्याचं झाकण कधीतरी हरवलं, ते मी शोधलं नाही. गूळ दिवसेंदिवस करडा पडायचा. मी म्हणायचो, जुना गूळ गुणाला जास्त.

बरं, आपण खावं आणि गप्प बसावं, तर तसंही नाही. मी पेंटर बोलावून दुकानाच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहून घेतलं: 'सीसा कितना भी भारी, गुड़ के आगे हारी'. आणि खाली: 'देवमन उस्ताद'.

रिसालीचे तिवारी मास्तर माझे जुने गिऱ्हाईक. रिटायर्ड हिंदीचे मास्तर. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा बॅटरी खाली ठेवायच्या आधी त्यांनी भिंत वाचली आणि म्हणाले, सीसा पुल्लिंगी आहे, 'हारा' पाहिजे. मी विचारलं, मग 'भारी'चं काय करू? ते म्हणाले, यमकासाठी व्याकरण मोडता येत नाही. मी म्हटलं, मास्तर, व्याकरणानं शिसं वितळत नाही. तेव्हापासून आमची दोस्ती. दर वेळी ते 'हारा' म्हणायचे आणि दर वेळी मी 'हारी' म्हणायचो. लाईनमधे आणखी चार बॅटरीची दुकानं होती. भिंत वाचून त्या चारही दुकानांत गुळाचे डबे आले. मला वाटलं, आपण समाजाला काहीतरी दिलं.

मग २०१६ च्या तीन वर्षं आधी मला शुगर निघाली. गूळ बंद. पण भिंतीवर नाव माझं, डबा कसा हलवणार? डबा तिथंच राहिला, गूळ येत राहिला. शनिवारी दुकान बंद करताना उरलेला गूळ मी कागदात बांधून मरोद्याला घरी न्यायचो. माझ्या बायकोला, वच्छलेला, गुळाचा काळा चहा फार आवडतो. साखरेचा चहा तिला पाहुण्यांचा चहा वाटतो. मी स्वतः तो गूळ खाऊ शकत नव्हतो, म्हणून दोघांच्या वाटचा तिलाच द्यायचो. दर शनिवारी. पाऊस असो, लग्न असो, कधी विसरलो नाही.

आता त्या उलट्या जोडणीकडे येतो. मे महिना. तिवारी मास्तरांच्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्त करून बसवायला गेलो. मास्तर मागं उभे राहून हिंदी व्याकरणातल्या पंचमाक्षरांवर काहीतरी सांगत होते. मी वायर कसल्या, बटण दाबलं. आतून फट्ट आवाज आला आणि इन्व्हर्टरमधून अगरबत्तीसारखा धूर निघाला. मी पाहिलं, लाल वायर काळ्याच्या घरी आणि काळी लालच्या घरी बसलेली.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? मास्तरांवरच ओरडलो. तुमच्या पंचमाक्षरामुळं झालं म्हटलं. फॅन बंद पडला होता, मास्तर वहीनं वारा घेत बसले. मग हळूच म्हणाले की माझी सून डॉक्टर आहे, तिला एकदा दाखवा. शिसं डोक्यात जातं असं ती म्हणते. मी त्यांना सांगितलं की माझ्या डोक्यात शिसं जायला जागाच नाही, तिथं आधीच मी आहे.

पण खरं सांगायचं तर ते वर्षभर तसंच चाललं होतं. एकदा कढई तापली, वर राख आली, आणि राख काढायच्या वस्तूचं नावच आठवेना. समोर खिळ्याला लटकून राहिली होती, पण 'पळी' हा शब्द येईना, आणि शब्द येईना म्हणून हातही जाईना. लग्नातल्या बँडच्या दिव्यांची बॅटरी घेऊन आलेल्या माणसाला मी 'तुझी बॅटरी ऐकत नाही' म्हणून हाकललं. तो जाता जाता म्हणाला, "उस्ताद, बैटरी तो सुन रही है। आप नहीं सुन रहे।" मी त्याच्या मागं पाना घेऊन चार पावलं गेलो. पाचवं पाऊल गुडघ्यानं टाकू दिलं नाही, नाहीतर पोलीस केस झाली असती.

माझं मी कधी मनावर घेतलं नसतं. मनावर घेतलं ते वच्छलेमुळं.

वच्छला आमच्या विहारात गाणं लावते. लावते म्हणजे पहिली ओळ ती म्हणते, मागून बाकीच्या बाया उचलतात. चौथी शिकलेली बाई, पण शेकड्यानं गाणी पाठ. कडवं संपायच्या आत पुढचं कडवं तिच्या ओठावर तयार. तिच्या आवाजामुळं मला विहारात मान होता. लोक 'वच्छलाबाईचे मालक' म्हणायचे आणि मी मनातल्या मनात 'उस्ताद' जोडून घ्यायचो. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तिनं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि थांबली. ढोलकीवाला दोनदा फिरून आला. बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. ती तोंड उघडून उभी होती, जशी बस निघून गेल्यावर माणसं उभी राहतात तशी. शेवटी बाजूच्या सुमननं ओळ उचलली आणि गाणं पुढं गेलं.

घरी आल्यावर मी तिला धीर द्यायचा सोडून सुनावलं. दिवसभर टीव्ही पाहून राहते, पाठांतर करत नाही, म्हणून असं झालं. हे बोललेलं मला आजही खातं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आता मी नाही जात पुढं उभी राह्याले. सुमनले सांगा, तिनंच लावावं."

"कावून?"

"शब्दच येत नाही तं काय नुसतं तोंड उघडून उभी राहू? लोकाइले वाटते मातारी झाली. होऊ द्या."

त्यानंतर दोन आठवडे ती विहारात गेली नाही. घरातही गुणगुणणं बंद. भांडी घासताना नळाचा आवाज ऐकू यायला लागला, जो मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता. तेव्हा मी तिवारी मास्तरांना फोन केला. माफी वगैरे मागितली नाही. म्हटलं, मला काही झालेलं नाही, पण बायकोला तुमच्या सुनेला दाखवायचं आहे.

मास्तरांची सून वयानं माझ्या पोरीएवढी. मला चाचा म्हणाली. बोलणं सगळं हिंदीत झालं, मी मराठीत सांगतो. तिनं वच्छलेला तपासलं, पण पाहत होती माझ्या नखांकडं. काय काम करता, घरी कोणत्या कपड्यांत जाता, कपडे कोण धुतं, सगळं विचारलं. कपडे वच्छलाच धुवायची, आधी झटकून. डॉक्टरीणबाईनं दोघांचंही रक्त घेतलं. मी नको म्हणत होतो. वच्छला म्हणाली, "घेऊ द्या. एवढे उस्ताद अन् सुईले भेता?" मग घेऊ दिलं.

रक्त बाहेरगावी गेलं. रिपोर्ट घ्यायला जाताना मी गुळाचा डबा पिशवीत टाकून नेला. डॉक्टरीणबाईनं काय काय खाता ते विचारलं होतं, आणि मला तिला दाखवायचं होतं की अडाणी माणूसही आपली काळजी घेतो.

रिपोर्ट पाहून ती म्हणाली की दोघांच्याही रक्तात शिसं पाहिजे त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. माझ्यात आहे. आणि वच्छलेत माझ्यापेक्षाही जास्त.

मी लगेच सांगितलं की लॅबवाल्यांनी नावं उलटी जोडली. भट्टीवर मी बसतो, ही तर दुकानात पायही ठेवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, चाचा, उलटं जोडायची सवय लॅबची नाही. मास्तरांनी घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

मग मी विचारलं की शिसं डोक्यात जाऊन करतं तरी काय. तिनं औषधाच्या चिठ्ठीच्या मागं दोन रेघा काढल्या. म्हणाली, डोक्यात नसा असतात, पण एक नस दुसरीला शिवत नाही. मधे फट असते. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, आमच्या प्लेटांसारखं. ती हसली. म्हणाली, हो, आणि निरोप त्या फटीतूनच जातो. अलीकडच्या नसेच्या टोकाशी औषधाच्या बारीक बारीक पुड्या भरून ठेवलेल्या असतात. निरोप आला की तिथलं दार उघडतं, बाहेरून कॅल्शियम आत येतं, ते आलं की पुड्या फुटतात आणि औषध फटीत पडतं. पलीकडची नस ते ओळखते, आणि निरोप पुढं. एक शब्द आठवायचा तर असं हजारो ठिकाणी व्हावं लागतं. कॅल्शियम म्हणजे आपल्या दुधातलं, हाडातलं. दारावर त्याची ओळख म्हणजे त्याच्या अंगावरचे दोन प्लस. आता गंमत अशी की विरघळलेल्या शिशाच्या अंगावरही दोनच प्लस. दाराला दोघं सारखेच वाटतात.

म्हणजे, मी म्हटलं, शिसं दुसऱ्याच्या गेटपासवर आत येतं.

ती म्हणाली, अगदी तसंच. आत येऊन दोन घोटाळे करतं. निरोप येतो तेव्हा दारात अडून बसतं, त्यामुळं पुड्या फुटायला पाहिजेत तेव्हा फुटत नाहीत. आणि निरोप नसतो तेव्हा उगाच आतून चाळवतं, तेव्हा फुटतात. पलीकडच्या बाजूला आठवण पक्की करणारं एक कुलूप असतं, त्यातही जाऊन अडकतं.

मी म्हटलं, मॅडम, थांबा. हा तर मीच आहे.

आता ते तीन दिवस सांगायची वेळ आली. माझं नवीन लग्न झालं होतं. साळ्याला कावीळ झाली, आणि रजा घेतली तर मिलमधली नोकरी जाईल म्हणून त्याच्या गेटपासवर मी कामाला गेलो. दोघांच्या मिशा सारख्या होत्या. गेटवरचा चौकीदार पासावरची मिशी बघायचा आणि माझी मिशी बघायचा. सोडलं आत. आत एवढा आवाज की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं काम हाताच्या खुणेवर. साळ्यानं सांगितलं होतं की लोखंडाची लाल पट्टी पुढं आली की फोरमॅन हात वर करील, तेव्हा खटका ओढायचा. पण घाईत ते माझ्या डोक्यातून गेलं. फोरमॅननं हात वर केला. मला वाटलं ओळख दाखवतो आहे, मीही हात वर करून जय भीम केला. त्यानं परत हात वर केला. मी परत जय भीम. पट्टी गेली वाकडी. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता हात हलला की ओढायचा. फोरमॅननं कान खाजवला. मी खटका ओढला. पट्टी पायाजवळून सळसळत गेली, दोन माणसं उड्या मारून बाजूला झाली. कोणाला लागलं नाही, ही माझी पुण्याई नव्हे. फोरमॅन म्हणाला, जेव्हा पाहिजे तेव्हा हा ओढत नाही, नको तेव्हा ओढतो, आणि हा इथं उभा आहे म्हणून दुसऱ्या माणसाला उभं राहता येत नाही.

डॉक्टरीणबाई हसून हसून डोळे पुसत होती. म्हणाली, चाचा, आम्हाला कॉलेजात एवढं सोपं करून कोणी सांगितलं नाही. वच्छलाही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी छाती काढून बसलो. अडाणी माणसानं डॉक्टरला मेंदू समजावला, याहून मोठं काय पाहिजे?

त्याच तोऱ्यात मी डबा काढला.

डॉक्टरीणबाई विचारत होती की कपड्यांवरच्या भुकटीतून वच्छलाबाईच्या अंगात शिसं गेलं असेल, पण एवढं जास्त कसं? मी म्हटलं, आम्ही तर उलट काळजी घेतो. डबा टेबलावर ठेवला. भिंतीवर काय लिहिलं आहे तेही म्हणून दाखवलं, 'हारी'सकट. तिनं डब्यात वाकून पाहिलं. बोट लावलं नाही. पेनाच्या टोपणानं एक खडा हलवला. खड्याखाली गूळ पिवळा होता, वर करडा.

"ये अब कौन खाता है, चाचा?"

"मैं नहीं खाता। मेरे को शुगर है," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं तेव्हा त्याचा अर्थ मला कळलेला नव्हता. "पूरा इसको देता हूँ।"

कळायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. माझ्या डोक्यातही तेव्हा तोच दुसऱ्याच्या पासवर आलेला माणूस खटक्याजवळ उभा होता. पण कळलं. चाळीस वर्षं मी ज्याला औषध म्हणून भिंतीवर चढवलं, तीच शिशाची पुडी मी दर शनिवारी कागदात बांधून घरी नेत होतो.

डॉक्टरीणबाईनं डबा झाकला, तिच्याच जेवणाच्या डब्याच्या झाकणानं. मग शांतपणे म्हणाली की सगळं विसरणं शिशामुळंच आहे असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, वयही आहे. पण शिसं यायचं बंद केलं तर पुष्कळ फरक पडतो. आधी गूळ बंद, कपडे घरी न्यायचे नाहीत, भट्टी सोडा. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते. हाडांत जे साठलं आहे ते कॅल्शियमच्या जागेवर बसून राहिलेलं असतं, ते हळूहळू निघतं, घाई करत नाही. मी तिला विचारलं, गाणं येईल का परत. ती म्हणाली, सांगता येत नाही, चाचा. मला ती आवडली. मी असतो तर येईल म्हणून सांगितलं असतं.

परत येताना सुपेल्याच्या चौकात सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा वच्छला म्हणाली,

"लग्नापासून एकच गोष्ट तुमी न विसरता घरी आणली."

मी खाली पाहत होतो.

"अन् तेबी हे निघालं."

मी म्हटलं, "तू मले मार, वच्छला."

"मारून काय होते? आंगातलं निघते का?" आणि थोड्या वेळानं, "चहा साखरेचा प्याव लागन आता. पाहुण्याइच्यावाणी."

आता पुढचं थोडक्यात सांगतो. भट्टी मी बंद केली. कढई उलटी करून ठेवली. आता दुकानात फक्त बंद बॅटऱ्या तपासतो, पाणी भरतो, चार्ज करतो. हातमोजे घालतो आणि नाडी लागते. आधी लागायची ती माझीच लागत असावी. दोघांचे उपचार झाले, रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. माझा राग थोडा उतरला असं मी म्हणतो, वच्छला म्हणत नाही. तिची गाणी पुष्कळ परत आली. सगळी नाही. काही कडवी गेली ती गेली, त्यांच्या जागी आता वही आहे. ती वही हातात धरून पुढं उभी राहते आणि पहिली ओळ तीच लावते. वहीतली काही गाणी माझ्या अक्षरात आहेत, म्हणून तिला ती वाचताना जास्त त्रास होतो. तिला जे पुन्हा पाठ करायचं होतं, ते मी तिच्याकडून ऐकून ऐकून लिहिलं. अक्षरं तिनंच शिकवली. त्याची सुरुवात रिपोर्टाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, तेवढी सांगतो आणि थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुना, लाल रंगाचा डबा आणि दोन कुंचे घेऊन सुपेल्याला निघालो. वच्छला म्हणाली, मीबी येतो. मी नाही म्हटलं, ती आलीच. पण तिला मी दुकानाकडं येऊ दिलं नाही. रस्त्याच्या पलीकडं चहाचा ठेला आहे, तिथं बाकड्यावर बसवलं. चहावाल्याला सांगितलं, साखरेचा दे.

लाईनमधले चारही दुकानवाले बाहेर येऊन उभे राहिले. मी शिडी लावून भिंतीवरचं सगळं पांढरं केलं. 'सीसा' गेलं, 'भारी' गेलं, तिवारी मास्तरांना खुपणारं 'हारी' गेलं. खाली माझं नाव होतं ते तसंच ठेवलं. एकानं विचारलं, उस्ताद, नाव का ठेवलं? मी म्हटलं, खोटं कोणी सांगितलं होतं ते पण कळलं पाहिजे. मग चौघांनाही सांगितलं, गुळाचे डबे फेका, माझं चुकलं. 'माझं चुकलं' हे मी हिंदीत सांगितलं, मराठीत अजून जमलं नव्हतं.

आता पांढऱ्यावर नवीन लिहायचं होतं: 'पहले हाथ धो'. पेंटरला बोलवायचं नव्हतं. जे चुकीचं होतं ते दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं, बरोबरचं आपल्या हातानं लिहावं असं माझं मत झालं. 'पहले' दुकानातल्या 'पहले पैसा'च्या जुन्या पाटीवरून पाहून पाहून काढलं. 'हाथ' काढलं. मग कुंचा वर उचलून उभा राहिलो. दोन अक्षरं डोळ्यासमोर येत होती, दोघं भाऊ-भाऊ असल्यासारखी, आणि कोणतं कोणाच्या गेटपासवर आलं आहे ते कळेना. एक काढलं. खाली उभा असलेला एक जण हसला. म्हणाला, उस्ताद, ये तो 'घो' हो गया।

मी शिडीवरून वळून रस्त्यापलीकडं पाहिलं. मधून ट्रक जात होते, ऑटो जात होते, एक सिटी बस हॉर्न देत उभी होती. वच्छला बाकड्यावरून उठून उभी राहिली होती. तिला चूक तिथूनच दिसली होती.

"घराचा घ नोको," ती ओरडली. "धम्माचा ध. वरची रेघ पुरी नोका काढू. डोकं उघडं ठेवा त्याचं."

मधे एवढी ट्राफिक होती, पण आलं ऐकू. एका दमात बोलली, कुठं थांबली नाही, शब्द शोधला नाही.

मी चुना फिरवून घ पुसला, आणि धम्माचा ध काढला.